मधलं घोंगडं

“कल्याणप्पा, हिसाब बोलो,” साहेब म्हणाले, आणि चावडीपुढचा सगळा गाव कारकुनाकडे बघू लागला.

निजामाच्या लेव्हीची ज्वारी वसूल करायला आलेल्या या साहेबांना घरोघर माप लावायला सवड नव्हती. तीन घोंगडी अंथरून त्यांनी शेतकऱ्यांना ज्याच्या त्याच्या सांगण्याप्रमाणे बसवलं होतं: पाच पोत्यांच्या आतले पहिल्यावर, पाच ते दहावाले मधल्यावर, वरचे तिसऱ्यावर. माणसं पंधरा, वीस आणि पंधरा. गावातल्या मधोमधच्या शेतकऱ्याचं पीक किती ते हिशेबाने ठरवायचं आणि मधल्या घोंगड्यावरच्या प्रत्येकाचं तेवढंच धरायचं. चार पोती घरी, बाकी सरकारात.

कारकून कल्याणप्पाला गणित अवघड नव्हतं. पन्नासांतला पंचविसावा म्हणजे मधल्या वीस जणांतला दहावा. ते वीस जण पाचापासून दहापर्यंत सारखे विखुरलेत असं मानलं, की उत्तर साडेसात. पण त्याच घोंगड्याच्या कडेला त्याची थोरली बहीण बसली होती. शिवम्मा विधवा होती. तिची जेमतेम पाच पोती त्याने स्वतः पाहिली होती. साडेतीन गेल्यावर उरलेल्या दीड पोत्यात चार लेकरांचं आषाढापर्यंतही भागणार नव्हतं.

“साडेसात, साहेब,” तो म्हणाला.

शिवम्मा उठली. “माजी पाचच हायती. माप लावा.”

“लगाएंगे,” साहेब शांतपणे म्हणाले. “मगर फिर सबका लगेगा. पेव भी खुलेंगे.”

तिच्या शेजारी बसलेल्या महांतप्पाचा चेहरा उतरला. त्याच्या अंगणाखालच्या पेवात आणखी बारा पोती पुरलेली होती, आणि असा तो काही एकटाच नव्हता. दडवलेलं सापडलं तर धान्य जाणार, वर तुरुंग. कुणी शिवम्माकडे बघेना. अक्काने हट्ट धरावा असं कल्याणप्पाला वाटलं, आणि लगेच वाटलं, धरू नये. त्याला स्वतःची लाज वाटली.

शिवम्माने घोंगड्यावरची एकेक मान खाली गेलेली पाहिली.

“ऱ्हाऊ द्या, साहेब,” ती म्हणाली. “अंदाजच धरा.”

दुपारी गाडी तिच्या दारात लागली. तीन पोती चढली. उरलेलं अर्धं मापायला कल्याणप्पा स्वतः बसला. पायली अपुरी भरून तो ओतणार, तोच शिवम्माने त्याचं मनगट धरलं.

“कल्या, दारात शिपाई हाय. नीट भर. तुजी नोकरी गेली तर तुज्या लेकरांनी काय खावं?”

त्याने पायली पुन्हा राशीत खुपसली. ती शिगोशीग भरेपर्यंत शिवम्मा ओंजळीने ज्वारी घालत राहिली.