बूच

ताईचा डावा कान सूतगिरणीने खाल्ला होता. एकोणतीस वर्षं चात्यांच्या गोंगाटात उभी राहून तो हळूहळू गेला, आणि निवृत्तीच्या दिवशी हारासोबत तिला कळलं की आता तो परत येणार नाही. उजवा कान मात्र शाबूत होता. त्याहून शाबूत होता तिचा तळहात. यंत्रावर हात ठेवला की आत काय बिघडलंय ते ती डोळे मिटून सांगायची.

धाकटी बहीण चिमी. वय वर्षं एकसष्ट, पण घरात ती चिमीच. जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसलेली, समोरच्याचा आवाज चढला की स्वतःचा उतरवणारी. दोघींनी लग्नं केली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकमेकींना बोल लावत त्यांचं छान चाललं होतं.

एका सकाळी अंघोळीला गेलेली चिमी टॉवेल गुंडाळून तशीच बाहेर आली.

"ताई, तो गिझर पुन्हा बोलतोय."

"पुन्हा म्हणजे? कधीपासून?"

"झाले असतील तीन आठवडे."

"आणि तू आज सांगतेस?"

"तू लगेच भांडायला उठशील म्हणून."

ताई स्टुलावर चढली आणि गिझरच्या पोटावर हात टेकला. आधी तडतड जाणवली, तापल्या तव्यावर मीठ टाकावं तशी. ते तिला ओळखीचं होतं. क्षाराचे थर बसले की असं होतं, त्याने लगेच काही कोसळत नाही. मग तडतडीच्या खालून जाड घरघर सुरू झाली आणि पत्रा थरथरायला लागला. तिने मान वळवून उजवा कान लावला. खालच्या नळ्यांपाशी बारीकशी शीळ उठली आणि मध्येच थांबली, कुणीतरी तोंडावर हात दाबावा तशी.

ताईने खाली उतरून आधी बटण बंद केलं. मग मॅनेजरच्या ऑफिसात फोन लावला, कारण इमारतीतले गिझर भाड्यासोबत मिळालेले होते आणि त्यांना हात लावायचा अधिकार फक्त ऑफिसच्या प्लंबरला होता.

प्लंबर दुपारी आला. चाळिशीचा, बरा माणूस, पण घाईत. त्याने गिझर लावला, दोन मिनिटं उभा राहिला, पत्र्यावर टिचकी मारली.

"काही नाही हो आजी. आवाजबिवाज काही नाही."

"दोन मिनिटांत कसा येईल? पाणी तापू तर दे. पंधरा मिनिटं थांब."

"मला अजून चार ठिकाणी जायचंय." त्याने कागद काढला, भराभर लिहिला आणि पुढे केला. "इथे सही करा."

ताईने चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं : 'आवाज आढळला नाही. तक्रारदार वृद्ध, ऐकू कमी येते.'

ताईने कागद शांतपणे घडी करून त्याच्याच खिशात ठेवला.

"सही होणार नाही."

"अहो, नुसती हजेरीची सही आहे."

"मला वाचता येतं. जा तू."

तो गेल्यावर चिमीने तोंड उघडलं. "करून टाकायची होतीस ना. उगाच वाकडं कशाला?"

ताई म्हणाली, "गिरणीत एकदा मी मशीन थांबवलं होतं. आत काहीतरी घासत होतं. साहेब आला, म्हणाला, तुझे कान वाजतात, चालू कर. मी चालू केलं. चिमे, मी केलं चालू. तासाभराने पट्टा तुटला आणि शेजारच्या पोरीची दोन बोटं गेली." तिने हात पदराला पुसले. "तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. आता परत कुणाच्या सांगण्यावरून मी काही चालू करणार नाही."

चिमीला ही गोष्ट ठाऊक नव्हती. तिने गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ताईने पहिल्या मजल्यावरच्या वायरमनला गाठलं. तो वीज कंपनीतून निवृत्त झालेला, गुडघ्याने अधू, पण डोकं जागेवर.

"बाई, एक सांगा," त्याने विचारलं, "गिझरचा लाल दिवा विझतो का मध्येमध्ये?"

ताईने चिमीकडे पाहिलं. चिमी म्हणाली, "नाही. हल्ली नाही विझत. पूर्वी विझायचा."

वायरमन काठी उचलून जिने चढला. त्याला वरपर्यंत यायला दहा मिनिटं लागली. बाथरूमच्या दारातूनच त्याने मान वर केली आणि गिझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हकडे पाहत राहिला. व्हॉल्व्हला एक करंगळीएवढी नळी असते, त्यातून कधीमधी थेंब पडतात. इथे त्या नळीच्या तोंडात पितळी बूच पिळून बसवलेलं होतं, वरून पांढरी टेप गुंडाळलेली.

"हे कुणी मारलं?" त्याचा आवाज एकदम बदलला.

"का? काय झालं?"

"पाणी तापलं की फुगतं, बाई. फुगलेलं पाणी या वाटेने बाहेर पडतं. त्यात तुमच्या गिझरला 'आता पुरे' म्हणणारा भाग अडकलाय, म्हणून दिवा विझत नाही. म्हणजे पाणी तापतच राहणार, आणि वाट बंद. तुम्ही ती शीळ ऐकली ना? तो व्हॉल्व्ह सुटायला बघत होता."

"आणि सुटलाच नाही तर?"

वायरमनने छताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "ही भिंत पलीकडच्या घरात जाऊन पडेल."

चिमी मटकन कपड्यांच्या बादलीवर बसली. मग तिलाच आठवलं. गेल्या वर्षी या नळ्यांचे थेंब खालच्या पार्किंगमध्ये पडायचे, नेमके मॅनेजरच्या नव्या गाडीवर. त्यानंतर प्लंबर घरोघर येऊन 'गळती बंद' करून गेला होता.

"घरोघर?" ताईने विचारलं.

"या बाजूची सगळी घरं. आठ."

वायरमनने मेन स्विच पाडला आणि बजावलं, की टाकी पूर्ण गार होईपर्यंत त्या बूचाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. ताईने तोवर चपला घातल्या होत्या.

सगळ्यात वरच्या मजल्यापासून ती खाली येत गेली. प्रत्येक दारात तेच वाक्य : "गिझर बंद करा, मेनपासून, आणि दिवा विझत होता का ते आठवा." कुणी घाबरून लगेच बंद केला. कुणी हसलं. पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थाने अर्धंच दार उघडून विचारलं, "ऑफिसचं पत्र आहे का? नाही ना? मग आमचं आम्ही बघू."

"बघा ना, आत्ताच बघा. नळीच्या तोंडाला बूच आहे की नाही एवढंच बघून या. मी इथेच उभी आहे."

"मला वेळ नाही."

"मला आहे," ताई म्हणाली आणि बेलवर बोट ठेवून उभी राहिली. तिच्या एका कानाला त्या बेलचा त्रास होत नव्हता. त्याला दोन्ही कान होते. मिनिटभराने तो आत जाऊन आला, आणि त्याचा चेहरा उतरलेला होता.

चौथ्या मजल्यावर मात्र डाळ शिजली नाही. तिथे महिन्याभराची बाळंतीण होती आणि तिची सासू दारातच आडवी आली. "बाळाला गार पाण्याने घालू का अंघोळ? आमचा गिझर उत्तम आहे. उलट पाणी पूर्वीपेक्षा कढत येतं!"

"तेच तर म्हणते मी..."

दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी दोघी बहिणी पायरीवर बसलेल्या होत्या. चिमीला यायचं नव्हतं. पण ताईने कुलूप लावलं तेव्हा ती आधीच जिन्यात उभी होती.

मॅनेजर आला. टेबलावरची फुलदाणी सरकवून बसला. प्लंबर कोपऱ्यात हत्यारांची पिशवी लावत होता.

"हां आजी, काय म्हणता? तुम्ही म्हणे काल इमारतभर घबराट पसरवलीत."

"मी तुमची आजी नाही. आणि घबराट नाही, बातमी पसरवली. आठ गिझरांना बूच मारलंय. आजच्या आज काढायचं, आणि नवे व्हॉल्व्ह बसेपर्यंत एकही गिझर चालू करायचा नाही."

"असं आहे, रीतसर अर्ज द्या. पुढच्या आठवड्यात बैठक आहे, त्यात..."

"आज."

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही असं रिपोर्टमध्ये..."

"उजव्या बाजूला येऊन बोला, स्पष्ट ऐकू येतं. तुमचं 'पुढच्या आठवड्यात' तर डाव्या कानानेसुद्धा ऐकलं."

मॅनेजर हसल्यासारखं करून म्हणाला, "गिझर काय बॉम्ब आहे का?"

"नसेल तर चला. आमच्या बाथरूममध्ये उभे राहा, दार लावून घ्या. मी बाहेरून बटण दाबते. एक तास. तासाभराने बाहेर आलात तर तुमचा तो कागद मला द्या, मी सही करते."

मॅनेजरने पेन उचललं, खाली ठेवलं. "मला हे असलं नाटक करायला वेळ नाही. आणि बूच काय, मी मारलं का? प्लंबरने काय केलं ते त्याला विचारा."

कोपऱ्यातला पिशवीचा आवाज थांबला. प्लंबर उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"साहेब, तुम्हीच म्हणालात, गाडीवर एक थेंब दिसता कामा नये. मी म्हटलं होतं तिथे बूच चालत नाही. तुम्ही म्हणालात, तू मार."

"तू गप्प बस."

"वर्षभर गप्पच आहे," प्लंबर म्हणाला.

तेव्हा चिमी पुढे झाली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की मॅनेजरला वाकून ऐकावं लागलं. "आम्ही कालच्या तारखेने सगळं लिहून काढलंय. कुठल्या घरी बूच, कुठल्या घरी दिवा विझत नाही, कुणी मारायला सांगितलं. तो शेवटचा रकाना आत्ता भरला. वायरमनची सही आहे, सहा घरांच्या सह्या आहेत. एक प्रत मी अग्निशमन दलाला देऊन आले. तिथले अधिकारी म्हणाले, अकरापर्यंत येतो."

ताईने बहिणीकडे असं पाहिलं की जणू तिची ओळख करून द्यायला हवी होती. "कधी गेलीस तू?"

"पहाटे फिरायला जाते म्हणून सांगितलं ना."

एवढ्यात जिन्यातून हाक ऐकू आली. चौथ्या मजल्यावरची सासू कठड्यावरून वाकून ओरडत होती. नळातून पाणी नाही, नुसती वाफ फुसफुसत येत होती आणि गिझर ढोलासारखा वाजत होता.

प्लंबर पिशवी तिथेच टाकून पळाला. ताई त्याच्यामागे. जिन्यातूनच ती ओरडली, "बाथरूममध्ये जाऊ नकोस! मेन! मेन पाड!" त्याने दारामागच्या बोर्डावरचा मेन स्विच खाली ओढला. ताईने बाळंतिणीला उठवलं, बाळ पदराखाली घेतलं आणि सासूच्या दंडाला धरून सगळ्यांना जिन्यात आणलं. वरचे-खालचेही बाहेर आले. गार पाण्याचा तांब्यासुद्धा त्या पत्र्यावर कुणी ओतायचा नाही, हे ताईने तीनदा बजावलं, कारण पाचव्या मजल्यावरचा गृहस्थ बादली घेऊन धावत आला होता.

मग सगळे नुसते उभे राहिले. घरघर जिन्यापर्यंत ऐकू येत होती. ताईने भिंतीवर तळहात ठेवला. प्लंबरने तिच्याकडे पाहिलं आणि आपलाही हात तिच्या हाताशेजारी टेकला.

"कमी होतंय का?" त्याने हळूच विचारलं.

"तू सांग."

तो डोळे मिटून उभा राहिला. "आधी वाटलं वाढतंय. आता... जाड आवाज गेला. नुसती तडतड आहे."

"हं," ताई म्हणाली. बाळ झोपलं होतं.

अग्निशमनचे लोक साडेअकराला आले. संध्याकाळी टाकी गार झाल्यावर त्यांच्यासमोर बूच काढलं, तेव्हा गार पाण्याचीसुद्धा चिळकांडी समोरच्या फरशीवर आदळली. त्यांच्यातल्या वयस्कर अधिकाऱ्याने मॅनेजरला बाजूला नेलं. काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही, पण मॅनेजर परतला तेव्हा त्याने आठ नव्या व्हॉल्व्हांची ऑर्डर लिहून दिली.

नवे व्हॉल्व्ह यायला अकरा दिवस लागले. तोवर आठही घरं गॅसवर पाणी तापवत होती. पहिला व्हॉल्व्ह आला तेव्हा मॅनेजरने निरोप पाठवला, की बाईंच्याच घरापासून सुरुवात करू. ताईने उलट निरोप दिला : "चौथ्या मजल्यापासून. तिथे बाळ आहे. आणि ते 'आता पुरे' म्हणणारे अडकलेले भाग बदलल्याशिवाय, टाक्यांतले क्षार खरवडून काढल्याशिवाय एकही जोडायचा नाही." प्लंबरने टाक्यांतून दोन टोपल्या भरून पांढरे खडे काढले. प्रत्येक गिझर चालू केला की तो ताईला बोलवायचा. दोघं पत्र्यावर हात ठेवून दिवा विझेपर्यंत उभे राहायचे.

शेवटचा गिझर लागला त्या दिवशी खालच्या फलकावर ऑफिसची सूचना झळकली : 'रहिवाशांच्या सहकार्याने सर्व गिझरांची देखभाल पूर्ण झाली.'

भाजी घेऊन परतताना दोघींनी ती वाचली. ताई काही बोलायच्या आत चिमीने पिशवी तिच्या हातात दिली, पर्समधून बँकेचं जुनं शाईपेन काढलं, 'सहकार्याने' हा शब्द नीट, पट्टीने मारल्यासारखा खोडला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'भांडणाने'.

मग तिने खाली सही केली. पूर्ण नावाने.