शिवणखोलीचा उन्हाळा

तिसऱ्या हिवाळ्यात शिवणखोली काही केल्या तापेना, तेव्हा दादांनी बहिणीला सरळ सांगितलं, "पुरे झाला हट्ट. ते यंत्र काढून टाक आणि वर आमच्यात राहायला ये."

आत्याला ते मुळीच नको होतं. वर म्हणजे दिवसभर टीव्ही आणि येणारे-जाणारे. अंगणालगतची ही खोली तिची एकटीची होती.

खोली तापवणारा पंप दादांच्या मुलीनेच बसवला होता. तिचा तोच व्यवसाय. अंगणात खोल भोक पाडून तिने त्यात पाण्याच्या नळ्या सोडल्या होत्या. जमिनीच्या पोटातली ऊब पंपाने वर ओढायची, म्हणून वीज थोडकी लागायची. पहिल्या वर्षी खोली कशी छान उबदार झाली होती!

भाची आली, तिने नळीला तापमापक लावला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आत्या, खालून पाणी फारच गार येतंय गं. उन्हाळ्यात याच पंपाने खोली गार करतेस ना?"

"छे! मी काय महाराणी आहे? ओला पंचा डोक्यावर टाकते आणि बसते. एकदाही बटणाला हात लावला नाही," आत्या तोऱ्यात म्हणाली.

भाची स्टूल ओढून बसली. "अगं, उन्हाळ्यात खोलीतली उष्णता पंप खाली सोडतो. तीच हिवाळ्यात परत मिळते. तू नुसती काढतच राहिलीस. जमीन गारठली, आता पंप वीज खातो आणि ऊब देत नाही." मग ती ओशाळली. "चूक माझी. तू गारवा वापरशील असं धरून मी भोक कमी खोल घेतलं, आणि तुला सांगायचंच राहिलं."

"म्हणजे काटकसरच नडली म्हणायची!"

"मग ठरलं तर. वरच ये," दादा खुशीत म्हणाले.

"हा हिवाळा येते," आत्या म्हणाली. "पण एक उन्हाळा मला द्यायचा. तोवर पंप काढायचा नाही."

उन्हाळाभर ती शाल पांघरून शिवत बसली. वीज जाळणं जिवावर यायचं, पण बटण बंद केलं नाही. दुपारी दादा पेपर घेऊन खाली यायचे आणि गारव्यात खुशाल घोरायचे.

थंडी पडली. आत्याने पंप सुरू केला आणि त्याच्या गरम हवेच्या झरोक्यापुढे तळवे धरले. हळूहळू बोटं सैलावली.

भाचीने तापमापक पाहिला. "पहिल्या वर्षाइतकं नाही, पण पुरेल."

"दादा, माझी गादी खाली आण," आत्या म्हणाली.

"आणतो बाई. पण अधूनमधून मलाही इथे घोरू दे," म्हणत दादा जिना चढले.