दस्तगीरची बढती

फोन आला तेव्हा दस्तगीर कुसगावातल्या नव्या गाळ्यात भिंतीला खिळे ठोकत होता. पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढायचं ठरलं होतं. सैन्यातली हवालदारी आता काही महिन्यांची राहिली होती. ही रजा संपली की परत जायचं, पेन्शनची कामं उरकायची आणि घरी यायचं. बायको हुस्नबानो खाली बसून जुन्या फळ्या पुसत होती.

फोन त्याच्या इंजिनिअर रेजिमेंटच्या हेडक्लार्कचा होता. हवालदार विकास मेडिकल तपासणीत खालच्या श्रेणीत गेला, बढतीला अपात्र ठरला, त्यामुळे नायब सुभेदाराची जागा आता दस्तगीरकडे येत होती. घ्यायची की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं. घेतली तर नोकरी चार वर्षं वाढणार.

"मुबारक हो," असं क्लार्क म्हणाला, तेव्हा हातातली हातोडी कुठं ठेवावी तेच दस्तगीरला कळेना.

या जागेची त्यानं किती वर्षं वाट पाहिली होती. वरचा रिटायर झाल्याशिवाय खालचा सरकत नाही, आणि दस्तगीरच्या पुढं कायम विकास. दोघं मावळातलेच, एकाच भरतीत लागलेले. ट्रेनिंगमध्ये विकास थोडा पुढं आला, तो पुढंच राहिला. त्याचं दस्तगीरला वाईट वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी त्यानं वाट बघणं सोडून दिलं, आणि तेव्हापासून त्याला बरी झोप लागत होती.

"काय झालं?" हुस्नबानोनं विचारलं.

"बढती आली."

तिनं फडकं पिळलं. "आत्ता?"

"आत्ता."

ती फळी पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो लोकलनं तळेगावला उतरला आणि वराळ्याला विकासच्या फ्लॅटवर गेला. विकास सिक लीव्हवर घरीच होता. त्याच्या बायकोनं, रूपानं, दार उघडलं.

"या भावजी. आतच पडल्यात ते."

विकास कमरेला पट्टा बांधून सतरंजीवर उताणा पडला होता. उठायला लागला, तसं दस्तगीरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला तसाच राहू दिला आणि शेजारी फरशीवर बसला.

"तुला फोन आला ना?" विकासनं विचारलं.

"आला. कसं झालं रं हे?"

"कसं म्हंजी? सरावातल्या पुलाचा लोखंडी सांगाडा. सहा जनांनी उचलायचा, अन् माझ्याकडं पोरं चारच. मधी भरती बंद व्हती, तवापासनं जे गेले त्यांच्या जागा काय भरल्या न्हाईत. उरलेल्यातली कुनी कोर्सला, कुनी गार्डला. साहेब म्हनले, पूल आजच झाला पायजे. म्हनलं, मी लावतो खांदा. तर पुढच्या पोराचा पाय घसरला अन् सगळं वजन माझ्याकडं आलं."

दस्तगीर मग म्हणाला, "मी न्हाई म्हनून कळवतो. ती जागा तुझी हाय."

"माझी कुटली आता? तू न्हाई म्हनलास तर तिसरा घेईल. त्यानं माझी कंबर सरळ व्हनार हाय का?" विकासनं डोळे मिटले. "पन माझ्यापायी घेऊ नगंस. दमला असशील तर घरी ये. मी बी लय दमलोय गड्या."

रूपानं चहा आणला. दस्तगीरनं बशी धरून विकासला तो पाजला.

संध्याकाळी हुस्नबानोनं त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली.

"तुमाला पायजे का न्हाई, तेवढं सांगा."

"पायजे व्हती. आता म्हाईत न्हाई."

"मग घ्या. न्हाई घेतली तर गाळ्यात बसून ऱ्हाल झुरत, अन् मला ते बगायचं न्हाई." ती थांबली. "पन दुकान ठरल्या दिवशीच उघडनार. माझा भाचा अजीम मोटारीचं वायंडिंग भरंल, गल्ल्यावर मी बसंन."

"मी आल्यावर उघडू की. चार वर्षं तर..."

"आपल्या लेकीच्या, रुमाईसाच्या दहावीला येनार व्हता. मग बारावीला. ती आता कालेजात जाती. आता न्हाई वाट बगायची मला."

ती हे रागानं म्हणाली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती भाकरी मोडत म्हणाली. दस्तगीरला ते लागलं, आणि कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं. सोमवारी त्यानं होकार कळवला.

रजा संपवून तो रेजिमेंटला परतला, खांद्यावर तारा लागला, मेसमध्ये जिलेबी वाटली गेली. दुसऱ्याच दिवशी कळलं की त्याच्या जुन्या जागेवर सध्या कुणी हवालदार येणार नाही. म्हणजे नवीन काम त्याचं आणि जुनंही त्याचंच.

पुढच्या आठवड्यात पुलाचा सराव होता. सांगाडा उचलायला पाच जण उभे होते. तरुण कॅप्टन घड्याळाकडं बघत म्हणाला, "चला साब, सुरू करा."

"एक माणूस कमी आहे, सर."

"पाचांत होईल."

"नाही होणार, सर." दस्तगीरचा आवाज चढला नव्हता. "सहावा येईपर्यंत हा सांगाडा जमिनीवरून उठणार नाही."

कॅप्टनचा चेहरा लाल झाला. हवालदार असताना दस्तगीरच्या तोंडून हे निघालं नसतं, आणि निघालं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. शेवटी लंगरमधून एक स्वयंपाकी बोलावला. तो पिठाच्या हातांनीच धावत आला. सराव उशिरा संपला, वरून विचारणा झाली आणि दस्तगीरला दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. त्यानं ते ऐकून घेतले.

दिवस कलल्यावर त्यानं वराळ्याला फोन लावला. रूपानं उचलला.

"गोळी घेऊन झोपल्यात. उठवू का?"

"नको वैनी. झोपू द्या."

बाहेर जवान रांगेत उभे राहिले होते. हजेरी हवालदारानं घ्यायची असते. दस्तगीरनं टोपी घातली आणि तो हजेरी घ्यायला गेला.