जळक्या डागाची खोळ

मी कंप्युटरची खोळ बोलतेय. कौसल्याबाई सांगून सांगून दमली, "म्या वल्लं फडकं लावलं न्हाई," पण तिचं कुणालाच खरं वाटलं नाही. चौथी शिकलेल्या झाडूवालीचं कोण ऐकतं? आणि मी तर बोलूनचालून कापड. पण डाग माझ्या अंगावर पडलाय, तेव्हा सांगणार मीच.

माझा जन्म तिच्याच हिरव्या पातळातला. दोन हजार चार साली परतूरजवळच्या आमच्या गावच्या हायस्कुलात कंप्युटर आला. मुख्याध्यापक काकासाहेबांनी हुकूम सोडला, "धुळीचा कण बसता कामा नये." कौसल्याबाई शाळेत रोजंदारीवर झाडझूड करायची. तिनं घरचं पातळ फाडून मला शिवलं, खाली काठाची झालर लावली.

सहा महिने मला कुणी उचललंच नाही. पोरं चपला बाहेर काढून यायची, लांबूनच हात जोडायची. दसऱ्याला हळदकुंकू पडलं तेही माझ्यावरच. वस्तूला एकदा देव केलं की तिला कामाला लावायला नको, असा माणसांचा हिशोब.

मला बाजूला सारलं ते इंग्रजीच्या धर्मराज सरांनी. ऑफिसातल्या फोनची तार त्यांनी खिडकीतून ओढून आणली. कुईं-घर्र करत नेट लागायचं, मग सर इंग्रजीचे धडे उतरवून घ्यायचे. कंप्युटर वाक्य वाचून दाखवायचा, खाली चार उत्तरं यायची. बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल फुली.

दहावीतली बेबीनंदा सहामाहीत इंग्रजीत अकरा मार्कांवर अडकली होती. ती म्हणाली, "सर, ह्यो फुली देतो, पर हसत न्हाई."

"आणि मी?"

"तुम्ही हसता की."

सर त्यावरही हसले. पोरगी मात्र रोज बसू लागली. कौसल्याबाई दारात झाडू धरून ऐकायची आणि ओठ हलवायची.

मग तो शनिवार आला. अर्धी शाळा सुटली, सगळे गेले. किल्ली काकासाहेबांकडं. ते एकटेच कंप्युटरवर पत्त्यांचा डाव मांडून बसले. डाव रंगात आला आणि लाइट गेली. पडदा काळा झाला, म्हणजे यंत्र बंद झालं, असं त्यांना वाटलं. बटण तसंच चालू. त्यांनी मला उचललं, चांगलं झटकलं, देवाला शाल घालावी तसं वरून पांघरलं आणि कुलूप लावून गेले.

दिवेलागणीला लाइट आली. कंप्युटर माझ्याखाली जागा झाला. रविवारभर तो तापत राहिला, मी करपत राहिले. मला हातपाय असते तर मी उतरले नसते का?

सोमवारी तो उठेचना. काकासाहेब कडाडले, "कौसल्या, वल्ल्या फडक्यानं पुसलंस ना? उद्यापासून येऊ नको." नुकसानीच्या रजिस्टरात त्यांनी तिचं नाव लिहूनही टाकलं.

बुधवारी जालन्याहून संपत मेकॅनिक आला. त्यानं डबा उलटा फिरवला. मागं इंग्रजीत बारीक पट्टी होती, इतक्या दिवसांत कुणी वाचलेलीच नाही. बेबीनंदा पुढं झाली, बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि म्हणाली, "चालू असताना झाकू नका, असं लिव्हलंय."

"तुला काय कळतं गं?" काकासाहेब म्हणाले.

"बराबर वाचलं तिनं," धर्मराज सर म्हणाले. या खेपेला ते हसले नाहीत.

राहिलेली रोजंदारी न्यायला आलेली कौसल्याबाई दारातच होती. ती तरातरा आत आली, सोमवारपासून कोपऱ्यात पडलेल्या मला उचललं आणि काकासाहेबांसमोर टेबलावर पसरलं. मधोमध भाकरीएवढा जळका डाग.

"वल्ल्या फडक्यानं कापड जळतंय का, सर? शनिवारी किल्ली कुणाकडं होती?"

काकासाहेबांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

कंप्युटर दुरुस्त झाला, बेबीनंदा पास झाली, कौसल्याबाईचा झाडू आजही तिथंच चालतो. नवीन खोळ कुणी शिवली नाही. मी आता ऑफिसच्या कपाटात त्या रजिस्टराभोवती गुंडाळलेली असते. बाबांनो, चालत्या वस्तूला मानापायी झाकू नका, तिचा श्वास कोंडतो.

आणि अजून कुणी म्हणालं की कंप्युटर झाडूवालीनं बिघडवला, तर कौसल्याबाई मला सोडते, रजिस्टर उघडते आणि पान पुढं करते. कौसल्येच्या नावावर काट मारलेली. तिच्याखाली, त्याच शाईत, त्याच अक्षरात लिहिलेलं नाव: काकासाहेब.