डबा बोलतो का?

अप्पांनी चाळीस वर्षं किल्ल्या बनवल्या. किल्ली हरवलेलं कुलूप कुणी आणून दिलं की ते त्यात कोरी पट्टी घालायचे, जराशी हलवायचे, आणि आत काय कुठे अडतंय ते डोळ्यांच्या आधी त्यांच्या बोटांना कळायचं. म्हणून डोळे जायला लागले, आधी कडेचं आणि मग मधलंही दिसेनासं झालं, तेव्हा लोकांना वाटलं तितके ते खचले नाहीत. दुकान बंद करावं लागलं, तेवढं मात्र जिव्हारी लागलं. बाकी घरात ते एकटे फिरत, स्वतःचा चहा स्वतः करत आणि टीव्हीही स्वतःच लावत.

टीव्हीचं गणित सोपं होतं. रिमोटवर पाचाच्या बटणावर बारीक टिंब असतं. अंगठा तिथे टेकला की बाकीचे आकडे आपसूक सापडतात. बातम्या एकशे चार, जुनी गाणी दोनशे सात, मॅच चारशे एक. मुलगा आणि सून सकाळी कामावर गेले की दुपारपर्यंत घरात अप्पा आणि हे तीन आकडे.

मग एका रविवारी मुलाने केबल काढून टाकली.

"अप्पा, आता सगळं इंटरनेटवर," तो म्हणाला. त्याने टीव्हीच्या मागे एक छोटा डबा चिकटवला होता. "हा स्ट्रीमिंग प्लेअर. स्वस्तात मस्त. जगातलं सगळं यात येतं."

अप्पांनी रिमोट हातात घेतला. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. आकडे नाहीत, टिंब नाही, उंचवटा नाही. वरचा निम्मा भाग तर नुसती काच.

"बातम्या कशा लावायच्या?"

"स्क्रीनवर चित्रं येतात. काचेवर बोट सरकवून हवं ते निवडायचं."

"कुठली चित्रं?"

मुलाने रिमोट परत आपल्या हातात घेतला. मग हसून म्हणाला, "तुम्ही नका हो त्रास घेऊ. तुम्ही फक्त सांगायचं, आम्ही लावून देऊ."

मुलगा वाईट नव्हता. विम्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या अडचणी ऐकायचा, घरी आल्यावर बापाचे पायही दाबायचा. पण दुसऱ्याचं भलं आपल्यालाच जास्त कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती आणि ती कुणी कधी मोडली नव्हती.

सोमवारी सकाळी त्याने जाताना बातम्या लावून दिल्या. दहा वाजता अप्पांचं बोट चुकून काचेला लागलं आणि बातम्या गेल्या. त्यानंतर कुठल्याशा परक्या भाषेत एक बाई व्यायाम शिकवू लागल्या. अप्पांनी काच वर घासली, खाली घासली, दोनदा थोपटली. बाईंनी फक्त वेग वाढवला. मध्येच जाहिरात लागायची, केस काढायच्या क्रीमची, तीही पुन्हा पुन्हा तीच. टीव्ही बंद करायचं बटणही सापडेना. शेवटी भिंतीतला प्लग ओढायला गेले, तर टीव्हीच्या मागे हात पोचेना आणि कोपर टेबलावर आपटलं.

दोन वाजता सून आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि सकाळची पाळी करून परतायची. दार उघडलं तर बाई अजून मोजतच होत्या आणि अप्पा खुर्चीत हात बांधून ताठ बसले होते.

"अप्पा, हे काय ऐकताय?"

"ऐकत नाहीये. मला ऐकवलं जातंय."

तिने टीव्ही बंद केला, पाणी आणून दिलं. अप्पांनी पेला घेतला पण ओठाला लावला नाही.

"पोरी, माझा फोन बोलतो. बोट लावलं की काय आहे ते सांगतो. फोन बोलतो, तर हा डबा का बोलत नाही?"

"विचारायला हवं."

"नवऱ्याला विचारू नकोस. दुकानात चल. हा परत करता येतो ना?"

"सात दिवसांत येतो."

"मग आजच."

दुकान मोठं होतं. आत शिरताच गार वारा अंगावर आला आणि वीस-पंचवीस टीव्ही एकदम अंगावर ओरडले. करकरणाऱ्या बुटांचा एक माणूस पुढे आला. अत्तर जरा सढळ हाताने मारलेलं.

"बोला मॅडम, यांना काय दाखवू?"

"हे 'यांना' म्हणजे मीच," अप्पा म्हणाले. "मला विचारा."

विक्रेत्याने काठी पाहिली असावी, कारण त्याचा आवाज एकदम दुप्पट झाला. "काका! तुम्हाला! काय! हवंय?"

"डोळे गेलेत माझे. कान शाबूत आहेत. हळू बोला."

कुणीतरी बाजूला फिसकन हसलं. विक्रेता ओशाळला, पण थोडासाच. सुनेने घरून आणलेला डबा काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, हा बदलून हवाय, पडद्यावर काय आलंय ते मोठ्याने वाचून दाखवणारा डबा हवाय, आणि फार महाग नको.

"वाचून दाखवणारा?" तो म्हणाला. मग सुनेच्या दिशेने, आवाज खाली आणून, "मॅडम, राग मानू नका, पण यांना टीव्हीचा तसा काय उपयोग? एखादा चांगला रेडिओ घ्या ना."

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेचा हात त्यांच्या कोपरावर होता, तो त्यांनी हळूच बाजूला केला.

"तुम्ही जेवताना टीव्ही लावता?"

"हो... लावतो."

"ताटाकडे बघता की टीव्हीकडे?"

"ताटाकडे. कधीमधी वर."

"म्हणजे तुम्हीसुद्धा ऐकताच. मग तुम्हाला कुणी येऊन सांगितलं का, रेडिओ घ्या म्हणून? मला काय उपयोग ते मी ठरवीन. तुम्ही डबे दाखवा."

आता विक्रेत्याने जरा घाईने सगळ्यात महागाचा डबा पुढे केला. "हा घ्या. हा आवाजावर चालतो. बटण दाबून नुसतं बोलायचं. बातम्या!"

डब्याने टुंग केलं. मग काहीच नाही.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"आल्या ना बातम्या. चाळीस प्रकारच्या. आता निवडायचं."

"कशातून?"

"हे काय, समोर..." आणि तो थांबला.

"हा माझं ऐकतो," अप्पा म्हणाले. "माझं ऐकणारे घरात आहेत. मला बोलणारा हवाय. तुमच्याकडे आहेत तेवढे रिमोट माझ्या हातात द्या बघू."

पाच-सहा रिमोट आले. अप्पांनी ते एकेक करून चाचपले. एक नुसती काच, तो बाजूला. एकाची बटणं इतकी चपटी की जणू रंगवलेली, तोही बाजूला. चौथा छोटा होता, पोटाशी किंचित फुगीर. मध्ये गोल कडं, कड्याच्या आत खोलगट बटण, खाली दोन लांबट, आणि आवाजाच्या बटणावर चक्क उंचवटा. अप्पांचा अंगठा त्यावर एकदा फिरला, पुन्हा फिरला. नऊ बटणं, नवांचे नऊ आकार.

"हा कुणी बनवलाय त्याला अक्कल आहे. कोणता डबा?"

"तो? तो सगळ्यात साधा. तुम्ही आणलेल्यापेक्षाही स्वस्त. तो कुणी नेत नाही, काका."

"बोलतो?"

"छे छे."

"बघून सांगताय की न बघता?"

बूट तेवढे करकरले.

"लावून दाखवा," सून म्हणाली. आतापर्यंत ती शांत होती, पण गोळ्यांची पाकिटं वाचून दाखवायचं तिचं रोजचं काम होतं, आणि न वाचता बोलणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी तिटकारा होता.

"मॅडम, खोकं सीलबंद..."

"वर तो उघडा ठेवलाय ना दाखवायला? तो लावा."

नाइलाजाने त्याने लावला. सुनेने रिमोट हातात घेतला आणि पडद्यावरचं एकेक मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नेटवर्क. खाती. पडदा आणि आवाज. सुलभता.

"त्या सुलभतेत जा," अप्पा म्हणाले. "माझ्या फोनचा आवाजही तिथेच सुरू होतो."

"त्यात काही नसतं," विक्रेता म्हणाला.

"काही नसतं, तर दार कशाला ठेवलंय?"

सून आत गेली. तिसऱ्या ओळीवर तिने बटण दाबलं, आणि वीस-पंचवीस टीव्हींच्या गोंगाटात एक कोरडा, शिस्तीचा बाईचा आवाज म्हणाला: "पडदावाचक सुरू. मुख्यपान. बातम्या. चित्रपट. शोध."

अप्पांनी हात पुढे केला. सुनेने रिमोट दिला. त्यांनी कड्याची उजवी बाजू दाबली. "चित्रपट." पुन्हा दाबली. "शोध." डावीकडे. "चित्रपट. बातम्या." ते एकटेच डावीकडे-उजवीकडे करत राहिले, आणि सुनेने खोकला आल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"अरेच्चा," विक्रेता म्हणाला. "हे मला माहीतच नव्हतं."

"किती दिवस विकताय हा?"

"तीन वर्षं झाली असतील."

"तीन वर्षांत माझ्यासारखं कुणी आलं नाही?"

तो विचारात पडला. खोटं बोललो असतो तर बरं, असं त्याला नंतर वाटलं असेल, पण तो खरं बोलून गेला. "मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या, त्यांच्या आईला घेऊन. आईंना दिसत नव्हतं. त्यांनीही हेच विचारलं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"असा डबा निघतच नाही म्हटलं."

अप्पांनी रिमोट हळूच काउंटरवर ठेवला. सुनेला वाटलं, राग ओसरला. तो ओसरला नव्हता.

"म्हणजे ती म्हातारी आत्ता घरात बसली असेल," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी दोन गिऱ्हाईकं वळून बघू लागली. "कुणी येऊन लावून देईल म्हणून. आणि डबा इथे, तुमच्या पाठीमागच्या फळीवर. हात मागे न्यायचा फक्त, तेवढे कष्ट नाही झाले तुम्हाला! मी गिऱ्हाइकाला कधी न बघता सांगितलं नाही की या कुलपाला किल्ली होत नाही. आधी बसायचं, खटपट करायची, मग नाही म्हणायचं. तुम्ही आधी नाही म्हणता आणि मग अत्तर लावून उभे राहता!"

"चुकलं, काका."

"मला चुकलं नको. या डब्यापुढे किमतीची पाटी आहे?"

"आहे."

"तिच्यावर लिहा, बोलतो म्हणून."

तिथे दुकानाचे व्यवस्थापक आले. त्यांनी अदबीने सांगितलं की पाट्या छापील असतात, वरून येतात, त्यावर हाताने काही लिहायची परवानगी नाही.

"ठीक आहे," अप्पा म्हणाले, काठीने चाचपून काउंटरजवळचं स्टूल शोधलं आणि त्यावर बसले. "परवानगी मागवा. मी थांबतो. मला घरी घाई नाही, टीव्ही लागत नाही माझा."

व्यवस्थापकांनी सुनेकडे पाहिलं, समजवा यांना, अशा अर्थाने. तिने पर्समधून जाड पेन काढलं. औषधांच्या पाकिटांवर दिवसातून तीनदा, रात्री एकदा असं लिहायचं पेन ते. कागद मागितला. कुणी देईना, तेव्हा डब्याच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलं: हा डबा वाचून दाखवतो. दिसत नसलं तरी चालवता येतो. विक्रेत्याने व्यवस्थापकांकडे न बघता ते तिच्या हातून घेतलं आणि फळीवर टेकवून ठेवलं.

संध्याकाळी घरी भांडण झालंच.

"मी आणलेला डबा मला न विचारता परत केलात?" मुलगा म्हणाला.

"तू मला विचारून आणला होतास?"

"अप्पा, तुमच्यासाठीच आणला होता ना?"

"माझ्यासाठी आणलास, मला वगळून आणलास."

मुलगा बायकोकडे वळला. "आणि तूही?"

"मी काय," ती म्हणाली, "मी नुसतं वाचून दाखवलं."

दोन दिवस तो तोंड फुगवून होता. टीव्ही बघायला बसला की डब्यातली बाई प्रत्येक गोष्टीचं नाव घ्यायची आणि तो कपाळाला हात लावायचा. मग अप्पांनी त्याला दाखवलं, की एक लांबट बटण तीनदा दाबलं की बाई गप्प होते आणि पुन्हा तीनदा दाबलं की बोलते. "बघ, तुला जमतंय का," ते म्हणाले. त्याला जमलं.

पुढच्या आठवड्यात तो घरातल्या पंख्याचं बटण बदलायला सामान आणायला म्हणून त्याच दुकानात गेला आणि तासाभराने लाल होऊन परतला. सामान आणलंच नव्हतं.

"तुमची ती पाटी," तो बूट काढता काढताच बोलायला लागला, "काढून टाकली होती! व्यवस्थापक म्हणे फळी वाईट दिसते. फळी वाईट दिसते! मी विचारलं, ज्यांना फळीच दिसत नाही त्यांनी काय करायचं? तर म्हणे, असे किती लोक येतात? अरे, तुम्ही सांगितलंच नाही तर येतील कशाला? वर मला म्हणतो, साहेब, तुम्हाला तर दिसतंय ना, तुम्ही कशाला तापताय?"

"मग?" अप्पांनी विचारलं.

"मग काय, मीच लिहिली नवी. तो बुटांचा माणूस पळत जाऊन चिकटपट्टी घेऊन आला. म्हणाला, ती आई आणि मुलगी परवा परत आल्या होत्या, आता त्यांच्याकडे आहे डबा. पण व्यवस्थापकाचं नाव मी घेऊन ठेवलंय. उद्या त्यांच्या मुख्य ऑफिसला पत्र लिहितो. ऐका, कसं लिहावं म्हणतोय..."

सुनेने तीनदा जेवायला हाक मारली. तो हलेना, एकेक वाक्य मोठ्याने म्हणून बघत राहिला. अप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि मधूनमधून त्याला शब्द सुचवू लागले, प्रत्येक वेळी त्याच्यापेक्षा जरा कडक.