दक्षिणेची खिडकी

“मोठीबाई, मांगं सरका, सिमेट उडते आंगावर,” गणेश मिस्त्री म्हणाला.

पुष्पाबाई खाटेवरच सरकल्या. कंबर मोडल्यापासून खाट हेच त्यांचं गाव. खोलीच्या तिन्ही बाजूंना घराच्याच भिंती. चौथीतली खिडकी आता बुजत आली होती. उरलेल्या फटीतून मारुतीच्या देवळापुढचा सप्ताहाचा मंडप दिसत होता.

“दक्षिणेची खिडकी पोरीचं लगन अडवते म्हंता? माह्या घराले दारंच दक्षिणेले, तरी दोन पोरी उजवल्या,” गणेश वीट ठेवत म्हणाला.

“तू वीट बसव बे, ग्यान नोको पाजळू,” मुलगा हिंमतराव दारातून म्हणाला. वास्तुवाल्याचा सल्ला त्यानेच आणला होता. पुष्पाबाईंनीही मान डोलावली होती. नातीपुढं खिडकीचं काय मोठं?

पण पुढं दिवस कळेना. भरदुपारी त्या सांजवातीला हात जोडू लागल्या. उगाच सुनेवर खेकसायच्या, मग रडायच्या. कीर्तन लागलं की भिंतीतून पखवाजाची थाप यायची, अभंगाचे शब्द मात्र पलीकडेच राहायचे. बुवा काय बोलले म्हणून लोक हसले, ते कळायचं नाही. नैवेद्याचं ताट झाकलेलंच माघारी जावं, तसं.

एका सकाळी त्यांनी हिंमतरावाला हाक मारली. “बापू, ते खिडकी...”

“तेच सांगाले आलो, माय!” त्याने पेढा तोंडात घातला. “मेहकरवाल्यायनं होकार देला. पाह्यलं? खिडकी बुजवली अन् जमलं!”

पेढ्याबरोबर बोलणंही गिळावं लागलं.

करिष्माला ते समजलं. “आजी, माहं लगन झालं का फोडू ते भिंत.”

“अन् मंग तिकडं तुह्या संसारात काही झालं तं? राहू दे व माय.”

साक्षगंधाच्या दुपारी मुलाची आई, झुंबरबाई, पाया पडायला आत आल्या.

“काऊन हो, भरदुपारी लाईट? खिडकी नाही काय इथं?”

चहा घेऊन आलेली करिष्मा दारातच थबकली. लग्न जमत नव्हतं म्हणून बुजवली, असं पाहुण्यांना कोण सांगणार?

“होती,” पुष्पाबाई म्हणाल्या. “मीच बुजवाले लावली. डोळ्याले उजेड सोसत नाही मले.”

“अगं माय! अन् हे लाईट लावून ठेवते तुमच्यावर?” झुंबरबाई कळवळल्या. उठून त्यांनी मायेनं बटण बंद केलं, करिष्माला खुणेनंच बाहेर नेलं आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.