शंखाचं पाणी

दुबलगुंडीच्या शिवारात, तीन उन्हाळे कोरड्या पडलेल्या आडाभोवती सकाळी सातलाच सगळा गाव लोटला होता. महिन्याभरापूर्वी गावात आलेल्या जलस्वामींनी आजही मुहूर्त साधून शंख फुंकला, "ऊठ गंगे, भक्त तहानलेत!" अशी आरोळी ठोकली, आणि आडाच्या तळाशी पुन्हा खळखळ सुरू झाली. बघता बघता गुडघाभर पाणी! माणसं धुळीत लोटांगण घालायला लागली.

"आता शेततळी खांदू नका," स्वामी गरजले. "भुईला जखम केली की गंगा रुसती. हा मळा मठाला द्या, बारमाही पाणी देतो!"

मळा गुंडाप्पाचा. तो तिथंच हो म्हणाला. त्याची बायको जगदेवी पुढं झाली. मळा गेला तर खायचं काय? गावाच्या पाण्याची तपासणी पंचायतीनं तिच्याकडं दिली होती. तिनं ओंजळीतलं तीर्थ हुंगलं.

"वास कशाचा यायलाय, स्वामी?"

"पाताळाचा सुगंध हाय, अक्का!"

"पाताळात ब्लीचिंग पावडर टाकत्यात व्हय?"

"कामून देवाची चेष्टा करायलीस?" गुंडाप्पा खेकसला.

जगदेवी तांब्यात तीर्थ घेऊन घरी गेली. तपासणीच्या नळीत ते ओतून तिनं औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळंधमक! म्हणजे क्लोरीन. झऱ्याच्या पाण्यात ते कुठून येणार? ते तर शहराच्या नळाच्या पाण्यात टाकतात. तिनं शहरात दिलेल्या नणंदेला फोन लावला.

"निलम्मा, तुमच्याकडं नळ कवा येतो?"

"चार दिवसाला एकदा, आजच हुता. पर आमच्या गल्लीत महिनाभर थेंब न्हाई. लेकरं घागरी घेऊन हिंडायलीत."

स्वामींचा मुहूर्तही चार दिवसांनीच निघायचा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत ती म्हणाली, "स्वामी, आज फुंका की शंख."

"आज मुहूर्त न्हाई."

"भक्त तर आजबी तहानलेत!"

लोकांनीही आग्रह धरला. स्वामींनी गाल लाल होईस्तोवर शंख फुंकला. आड ढिम्म. मग जगदेवीनं क्लोरीनचं अन् नळाच्या दिवसाचं सांगितलं, तसं गुंडाप्पानंच कुदळ उचलून आडाकाठची ताजी उकरलेली माती खणली. दहा पावलांवर शहराला जाणारी पाइपलाइन निघाली. तिला भोक, आणि भोकातून आडात सोडलेली रबरी नळी. स्वामी जीपकडं सटकायला लागले, तसं लोकांनी त्यांना धरून बसवलं आणि पोलिसांना बोलावलं.

"भोक राहू दे की," म्हातारे आप्पाराव म्हणाले. "आपल्यालाबी पाणी लागतंयच."

"निलम्माच्या गल्लीचं पाणी हाय ते, आप्पा," जगदेवी म्हणाली. "शहराची तहान खरी, आपल्या पिकाचीबी खरी. आपला वाटा समोर बसून मागू, हक्कानं मागू. पाऊस शेततळ्यात अडवू. पाणी शंखानं वाढत न्हाई, मोजून वाटलं तरच पुरतं. पुढं कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हे आलं कुठून, अन् तुटलं कुणाचं?"